बिनसहीचा तक्ता

मतदान यंत्रावर या देशात इतकं भांडण झालं आहे की त्याच्या बटणापासून बॅटरीपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. यंत्रं ठेवलेल्या खोलीबाहेर उमेदवारांची माणसं चटया टाकून झोपतात, मोहरा तपासतात, क्रमांक टिपून घेतात. ते योग्यच आहे. पण त्याच रात्री तालुक्याच्या कचेरीत एका टेबलावर संगणक चालू असतो, त्यावर एक एक्सेल फाईल उघडी असते आणि तिच्यावर कोणाचाही पहारा नसतो. कोणता मतदार कोणत्या प्रभागात गेला, कोणत्या शिक्षकाने कोणत्या केंद्रावर जायचं, दुपारी एकपर्यंत किती मतं पडली, कोण मयत, कोण स्थलांतरित, कोण दुबार, हे सगळं कधी ना कधी अशा फाईलमधून पुढे सरकतं. यंत्रात फेरफार होतो की नाही यावर घसा कोरडा करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकानेही ही फाईल मागितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मी सावंतवाडी तालुक्यातल्या आरोंद्याचा. प्राथमिक शाळेत नोकरी केली, म्हणजे निवडणुकीचं काम ओघाने आलंच. केंद्राध्यक्ष म्हणून बसलो, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून वाडीवाडीतून फिरलो, कचेऱ्यांच्या व्हरांड्यात रात्री काढल्या. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या तक्त्यात कोणी, कधी, काय बदललं याची खूण राहत नाही, तो निवडणुकीचं दप्तर म्हणून वापरणं बंद झालं पाहिजे. आणि जोवर तो वापरला जातो आहे तोवर तो आम्हा मतदारांच्या हातातही आला पाहिजे. आज दोन्ही गोष्टी उलट्या चालल्या आहेत. कचेरीकडे बदलता येणारा तक्ता आणि गावाकडे त्याचा फोटो.

मतदान केंद्रात कागदाची शिस्त किती कडक असते ते ज्यांनी काम केलं आहे त्यांना सांगायला नको. आलेल्या प्रत्येक मतदाराची नोंद 17-अ नोंदवहीत, पुढे सही किंवा अंगठा. यादीच्या चिन्हांकित प्रतीत नावाखाली रेघ, बाईमाणूस असेल तर वेगळी खूण. कोणी दुसऱ्याच्या नावावर आधीच मत टाकून गेला असेल, तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत, त्याचा वेगळा कागद, वेगळं पाकीट. शेवटी 17-सी. यंत्राचा क्रमांक, यादीतले मतदार किती, नोंदवहीत किती, यंत्रात मतं किती, कागदी मोहरांचे क्रमांक. खाली केंद्राध्यक्षाची सही आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला प्रत. त्या कागदावर एक आकडा जरी खोडला तरी शेजारी लघुस्वाक्षरी करावी लागते. शाळेच्या हजेरीपटात आम्ही तेच करत आलो. चुकलं तर एक आडवी रेघ, म्हणजे मूळचं काय होतं ते वाचता येतं, आणि बाजूला सही. खोडरबर चालत नाही.

हा कागद केंद्रातून निघून तालुक्याला पोचला की त्यातला आकडा एक्सेलमध्ये शिरतो, आणि तिथे ही सगळी शिस्त संपते. एक्सेल म्हणजे फळा आहे. कोणीही पुसावं, कोणीही लिहावं, मागे फक्त शेवटचं अक्षर राहतं. बदलांचा माग ठेवायची सोय त्या प्रणालीत आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि मी पाहिलेल्या एकाही कचेरीत ती चालू नव्हती. फाईल पेनड्राइव्हवर फिरते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम दुरुस्त’ अशा नावांनी तिची पिल्लं होतात. त्यातली खरी कोणती, हे ज्याने ती शेवटची उघडली त्यालाच माहीत असतं. दुसऱ्या दिवशी तोही विसरतो.

या प्रणालीचे स्वभाव काय आहेत ते एकदा उघड बोललं पाहिजे, कारण अधिकाऱ्यांना वाटतं की संगणकाने केली म्हणजे बेरीज बरोबरच. घर क्रमांक 12/3 टाकला की एक्सेल त्याचा 12 मार्च करतं. आपल्याकडे निम्म्या घरांचे क्रमांक असेच, कारण भाऊ वेगळे झाले आणि मूळ घराचे भाग पडले. क्रमांकाच्या आधीचं शून्य ते गिळतं. दुसरीकडून चिकटवलेला आकडा अनेकदा आकडा म्हणून न बसता मजकूर म्हणून बसतो, आणि मग बेरजेचं सूत्र त्याला गुपचूप वगळतं. खाली बेरीज मात्र ठळक दिसते. यादीच्या शेवटी चार ओळी वाढवल्या आणि सूत्र जुन्या ओळीपर्यंतच राहिलं, तर ती चार माणसं मोजणीतून गेली. एकाच रकान्याची क्रमवारी लावली तर नावं जागा बदलतात आणि ओळखपत्रांचे क्रमांक जागेवरच राहतात. त्याआधी पडद्यावर इशारा येतो, पण सकाळपासून खुर्चीत बसलेला माणूस रात्री अकरा वाजता इशारे वाचत नाही. त्यात मराठी. जुन्या फॉन्टमध्ये भरलेली यादी युनिकोडमध्ये आणली की रफार एकीकडे, अनुस्वार दुसरीकडे. नाईक, नाइक आणि नायक ही तीन वेगळी माणसं होतात.

ही कुरबूर माझ्या एकट्याची नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण आठवडाभराच्या सरकारी मोजणीतून गायब झाले. प्रयोगशाळांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपात ओतले जात होते आणि त्या स्वरूपात 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेत कळवायचं राहून गेलं. आमच्या सावंतवाडी विधानसभा मतदारसंघात दोन लाखांहून जास्त मतदार आहेत. जुनं स्वरूप, जुना संगणक आणि संपूर्ण मतदारसंघाची एक यादी एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि निवडणुकीतलंच उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रियाचं घ्या. तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने 3 जून 2023 रोजी लिंझ शहरात अध्यक्ष निवडला. हान्स पीटर डोस्कोझिल विजयी म्हणून जाहीर झाले, टाळ्या झाल्या, भाषण झालं. प्रतिस्पर्धी आंद्रेआस बाब्लर यांनी पराभव मान्य केला. मग एका दूरचित्रवाणी पत्रकाराच्या लक्षात आलं की मतांची बेरीज एका मताने जुळत नाही. फक्त एका मताने. त्याने विचारणा केली. पेटीतल्या चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या तेव्हा निकालच उलटा निघाला. बाब्लर 317, डोस्कोझिल 280. एक्सेलच्या तक्त्यात आकडे एकमेकांच्या नावापुढे गेले होते. 5 जूनला निवडणूक समितीच्या प्रमुखांनी कॅमेऱ्यांसमोर येऊन ते कबूल केलं. सहाशे मतंसुद्धा नव्हती, सगळे एकाच सभागृहात बसलेले होते, तरी ही गत. तिथे पक्ष वाचला तो दोन गोष्टींमुळे. कागदी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या आणि आकडे सगळ्यांसमोर मांडले होते, म्हणून बाहेरच्या माणसाला बेरीज करून बघता आली. या दोन गोष्टी नसत्या तर चुकीचा माणूस आजही त्या खुर्चीवर असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात 2011 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी एक उमेदवार 204 मतांनी पुढे होती. त्यानंतर वॉकेशा परगण्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं की ब्रुकफील्ड या अख्ख्या शहराची 14,315 मतं त्यांच्या संगणकातल्या बेरजेत आलीच नव्हती. निकाल फिरला. अखेरचा निकाल बरोबर होता, पण त्यानंतर किती जणांनी त्यावर विश्वास ठेवला? चूक दुरुस्त होते, गेलेला विश्वास दुरुस्त होत नाही, आणि विश्वासावरच तर हरलेला माणूस घरी जातो.

आता आमच्याकडे या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर 1994 साली तो स्थापन झाला. त्याची स्वतःची मतदार यादी नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घ्यायची आणि ती प्रभागांत तोडायची, एवढंच त्याचं काम. 2025 च्या स्थानिक निवडणुकांसाठी ही तारीख 1 जुलै होती. नाव घालणं नाही, काढणं नाही, फक्त तोडणं. त्यासाठी कचेरीत कंट्रोल चार्ट भरतात. यादी भाग अमुक, अनुक्रमांक इथून इथपर्यंत, प्रभाग तमुक. वाचायला सोपं आहे. पण विधानसभेच्या यादीत घरं रस्त्याच्या ओळीने लागलेली असतात असं समजू नका. नवीन नावं शेवटी जोडलेली असतात, एका घरातला मुलगा एका पानावर आणि सून तिसऱ्या पानावर. चार्टमध्ये ‘पर्यंत’चा एक आकडा चुकला की वीस माणसं वहाळाच्या पलीकडच्या प्रभागात गेली.

ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार असतात काहीशे. निकाल लागतो पाच-दहा मतांनी, कधी एका मताने, आणि समसमान झालं तर चिठ्ठी काढून. तिथे वीस माणसं म्हणजे अख्खी निवडणूक. लोकसभेच्या उमेदवाराला वीस मतांनी फरक पडत नाही, म्हणून वरच्या माणसांना या चुका क्षुल्लक वाटतात. गावात त्यांच्यावरून पिढ्यांचं वैर होतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा 2017 साली आला, 2020 साली गेला, 2022 साली परत आला. पण सरपंच निवडायच्या कायद्यावर इतका खल करणाऱ्या विधानसभेला ज्या यादीवरून सरपंच निवडायचा ती तोडली कशी जाते याची चौकशी करावीशी कधी वाटली नाही.

हरकती मागवतात, हे मला मान्य. प्रारूप यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, मुदत मिळते. पण हरकत घ्यायची कशावर? समोर असते ती तोडून झालेली यादी. कोणत्या भागातला कोणता अनुक्रमांक कुठे गेला हे दाखवणारा चार्ट फलकावर लागत नाही. आमच्या गावातली निम्मी कर्ती माणसं मुंबई-ठाण्यात. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, प्रारूप यादीला येत नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरून आलेला माणूस केंद्रावर विचारतो, “माजां नाव खंय गेलां?” केंद्राध्यक्षाकडे त्याचं उत्तर नसतं. त्याच्यापुढे छापलेली यादी असते, आणि कायद्याने ती शेवटची असते.

आरोंद्याची तर दुहेरी अडचण. गाव तेरेखोल नदीच्या काठावर. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका, किरणपाण्याहून पलीकडे जायला काही मिनिटं. कामधंदा पलीकडे, सोयरीक पलीकडे, दवाखाना पलीकडे. एकाच माणसाचं नाव दोन्ही काठांवरच्या याद्यांत असणं इथे नवल नाही आणि दरवेळी ते लबाडीतूनच होतं असंही नाही. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलीचं नाव माहेरी कोणी काढलं नाही, सासरी नव्या नावाने लागलं, असं होतं. कोकणात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. दोन तक्ते शेजारी ठेवून नावं जुळवणाऱ्याला ही एकच बाई आहे हे कधीच कळणार नाही. उलट आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच आडनावाच्या घराण्यात एकाच नावाची माणसं असतात. तक्त्याला ती दुबार वाटतात. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 17 एका माणसाला दोन मतदारसंघांत नोंदवू देत नाही. कायदा बरोबर आहे. पण तो माणसाबद्दल बोलतो आणि आपण अक्षरांची जुळणी करून माणसं काढतो.

2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता. म्हणजे नदीच्या एका काठावर घरोघर अर्ज फिरले आणि दुसऱ्या काठावर जुनीच यादी चालू राहिली. पलीकडे ज्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला, त्याचं नाव अलीकडे आपोआप लागत नाही. शेरा एका राज्याच्या यादीत, माणूस दुसऱ्या राज्यात, आणि मधल्या काळात निवडणूक लागली तर त्याने मत कुठे द्यायचं? हा प्रश्न पणजीत किंवा मुंबईत बसून सुचत नाही. इथे तो रोजचा आहे.

मुंबई महापालिकेच्या 2025 च्या प्रारूप यादीत दुबार म्हणून शंका आलेल्या नोंदी अकरा लाखांवर होत्या. त्यातल्या किती खऱ्या दुबार आणि किती केवळ नामसाधर्म्याच्या, हे घरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. राजकीय पक्षांनी अकरा लाखांचा आकडा उचलला आणि बोगस बोगस म्हणून ओरडा केला. त्यात लालबाग-परळमधली आमची किती माणसं असतील याचा विचार कोणी केला? यादीतली घाण साफ झालीच पाहिजे. पण नाव जुळलं म्हणजे माणूस बोगस ठरवणारा पक्ष आणि नाव जुळलं नाही म्हणजे माणूस वेगळा समजणारी कचेरी, दोघेही एकाच आळसाचे धनी आहेत. दोघांनाही दारात जायचं नाही.

नावं काढणं या देशात नवीन नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, 1951-52 साली, सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळली गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तो निर्णय घेतला. निर्णय कठोर होता, त्या बायांवर अन्याय करणारा होता, असंच मी म्हणेन. पण तो एका माणसाने घेतला, कारण सांगून घेतला, आकडा जाहीर केला, म्हणून आज पाऊणशे वर्षांनी आपण त्यावर वाद घालू शकतो. एक्सेलमधून गेलेल्या नावाबद्दल वाद कोणाशी घालायचा? तिथे निर्णयच नसतो. फक्त एक ओळ नाहीशी होते आणि खालची ओळ वर सरकते.

मतदानाच्या दिवसाचे आकडे घ्या. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. संध्याकाळी पाचचा आकडा 58.22 टक्के, अखेरचा 66.05 टक्के. त्यावरून राज्यात केवढा गदारोळ झाला. मतं चोरली असं मी म्हणत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पण हे दोन आकडे कसे जन्माला येतात ते मला माहीत आहे आणि ते मतदान घेणाऱ्या केंद्रीय निवडणूक आयोगाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाचचा आकडा तोंडी असतो. झोनल अधिकारी फोन करतो, केंद्राध्यक्ष रांग सांभाळत यंत्रावरचं टोटलचं बटण दाबून किंवा नोंदवहीचा शेवटचा क्रमांक बघून सांगतो. खाडीकाठच्या केंद्रांवर रेंज नसते, मग मागच्या आकड्यावरून पुढचा लावला जातो. तो कोणीतरी तक्त्यात किंवा अ‍ॅपमध्ये भरतं. सहा वाजता जे रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या देऊन आत घेतात, ते पुढे कितीही वेळ चालतं. अखेरचा आकडा 17-सीचा, सहीचा. एक अंदाज, दुसरी नोंद. या दोन्हींना एकाच पंक्तीला बसवून दोन दशांशांपर्यंत टक्केवारी कोणी जाहीर केली? आयोगानेच. 58.22 मधले ते 22 शतांश कोणत्या केंद्रावरच्या कोणत्या कागदावर होते? कुठल्याच नाही. अंदाजाला दशांश चिन्ह लावलं की तो हिशेब वाटतो, आणि उद्या हिशेब बदलला की लोकांना चोरी वाटते. लोकांच्या संशयाला आयोग स्वतः जबाबदार आहे.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक केंद्राचा 17-सी त्याच रात्री सगळ्यांना पाहता येईल असा ठेवायचा. 2024 च्या लोकसभेला पहिल्या टप्प्याचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि पक्की टक्केवारी 30 एप्रिलला आली, तीही फक्त टक्केवारी, मतांचे आकडे नाहीत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. आयोगाने तिथे सांगितलं की 17-सी उमेदवाराच्या प्रतिनिधीशिवाय कोणाला देण्याचं कायदेशीर बंधन नाही, आणि प्रतिमा संकेतस्थळावर टाकल्या तर त्यांत फेरफार होऊ शकतो. 24 मे रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने मतदारसंघनिहाय मतांचे आकडे जाहीर केले. म्हणजे आकडे होते. देता येत होते. दिले नव्हते.

फेरफाराच्या त्या युक्तिवादाचा मला विशेष राग आहे. सही केलेल्या कागदाच्या प्रतिमेत फेरफार होऊ शकतो म्हणून ती लोकांना दाखवायची नाही, आणि ज्या तक्त्यात फेरफार करायला एक बोट पुरतं त्यात मात्र साडेदहा लाख केंद्रांच्या निवडणुकीचे आकडे वाहू द्यायचे? खोट्या प्रतिमेला उत्तर खरी प्रतिमा असते. ती प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीकडे असते, मूळ कागद मोहोरबंद असतो. तक्त्यातल्या बदललेल्या आकड्याला उत्तर द्यायला काही शिल्लकच नसतं.

मतदार यादीचं तसंच. 2018 च्या सुरुवातीला आयोगाने राज्यांना सांगितलं की संकेतस्थळावर यादी प्रतिमेच्या स्वरूपात टाका. म्हणजे पानांचा फोटो. त्यात नाव शोधता येत नाही, दोन याद्या ताडून बघता येत नाहीत. त्याच वर्षी काँग्रेस नेते कमलनाथ यांच्या याचिकेवर 12 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने शोधता येणारी यादी मागण्याचा हक्क नाही असा निकाल दिला आणि हवी असेल तर याचिकाकर्त्याने स्वतः कष्ट करून ती तशी बनवावी असं म्हटलं. न्यायालयाचा मान राखून सांगतो, ते कष्ट मोठ्या पक्षांना पैशाने विकत घेता येतात. त्यांच्या वॉर रूममध्ये ती यादी दोन दिवसांत शोधता येण्याजोगी होते, जातीचे नि गल्लीचे रकाने जोडून फिरतेसुद्धा. कष्ट उरतात ते आरोंद्याच्या ग्रामस्थाला, ज्याला आपल्या प्रभागातून कोणाची नावं गेली एवढंच बघायचं आहे. 17 ऑगस्ट 2025 च्या पत्रकार परिषदेत मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी शोधता येणाऱ्या यादीला मतदाराच्या खासगीपणाचं कारण पुढे केलं. नाव, वय, घर क्रमांक, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, हे सगळं त्या फोटोतही आहेच. प्रतिमेमुळे कोणाचाही खासगीपणा राखला जात नाही. फक्त तपासणाऱ्याचे हात बांधले जातात.

त्याआधी तीनच दिवस, 14 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने बिहारबाबत आदेश दिला होता. तिथल्या अशाच पुनरीक्षणात प्रारूप यादीतून वगळलेल्या सुमारे 65 लाख नावांची यादी कारणांसह जाहीर करा आणि ती ओळखपत्र क्रमांकावरून शोधता आली पाहिजे. ती जाहीर झाली. त्याने कोणाचा खासगीपणा बुडाला नाही. उलट जिवंत माणसांना आपण मयत ठरल्याचं कळलं.

कचेऱ्यांची बाजू मला माहीत आहे. माणसं नाहीत, वेळ नाही, वरून सकाळी अकराला आदेश येतो आणि एक वाजता माहिती हवी असते. त्यासाठी एक्सेलशिवाय दुसरं हत्यार कोणी दिलं आहे? शाळांकडून मागवलेली कर्मचाऱ्यांची माहिती अशीच घाईत भरली जाते, मग वारलेल्या शिक्षकाच्या नावाने प्रशिक्षणाचा आदेश घरी येतो आणि त्याच्या बायकोला तो सही करून घ्यावा लागतो. मी पाहिलं आहे ते. त्या बाईपुढे तो कागद धरणाऱ्या शिपायाचाही दोष नाही. आणि चूक उघड झाली की नोटीस कोणाला? कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटरला, ज्याला वेळेवर पगार नाही, प्रशिक्षण नाही, आणि ज्याच्या नावाचा लॉगिनसुद्धा वेगळा नसतो. साहेबांच्या पासवर्डने तो रात्रभर काम करतो. तक्त्यात काय बदललं ते कळत नाही ही गोष्ट वरच्यांच्या सोयीची आहे, म्हणूनच ती सुधारत नाही. माग राहिला तर तो ऑपरेटरपाशी थांबणार नाही, आदेश देणाऱ्यापर्यंत जाईल.

सरकारला उद्यापासून करता येईल असं पुष्कळ आहे. ज्याला त्याला स्वतःच्या नावाचा प्रवेश द्या. बदल केला की जुनी नोंद, नवी नोंद, वेळ आणि माणूस आपोआप टिपला जाईल अशीच प्रणाली वापरा. बँकेत पासबुकाच्या एका नोंदीला ही सोय असते, मताला का नसावी? एक्सेल वापरायचंच असेल तर कच्च्या कामाला वापरा. पक्का आकडा छापून, बेरीज हाताने ताडून, दोन माणसांच्या सह्या घेऊनच बाहेर पडू द्या. कंट्रोल चार्ट प्रारूप यादीबरोबर फलकावर लावा. आणि पक्षांनो, मोर्चे काढा, पण निवडणूक नसलेल्या वर्षात प्रत्येक गावात एक माणूस यादीसाठी ठेवा. बूथ लेव्हल एजंट नेमायची सोय आयोगाने दिलेली आहे. मी बीएलओ असताना कोणाही पक्षाचा असा माणूस माझ्याबरोबर वाडीत फिरायला आला नाही. मतदानाच्या दिवशी मात्र टेबल टाकून चौघे बसत.

माहिती अधिकार कायदा 2005 सालचा. त्याच्या कलम 2 मध्ये माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पुढच्या वेळी आमच्या ग्रामपंचायतीची प्रारूप यादी लागेल त्या दिवशी मी अर्ज टाकणार आहे. यादीचा नको, ती फलकावर दिसतेच. कंट्रोल चार्टचा, मूळ फाईलच्या स्वरूपात, आणि ती फाईल कोणी कोणी उघडली नि बदलली त्या नोंदीसह. उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत आणि हरकतींची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून अर्जाबरोबर हरकतही त्याच दिवशी देणार आहे, आणि ती एकाच मुद्द्यावर असेल. ही यादी कशी तोडली ते गावाला दाखवलेलं नाही, सबब ती प्रसिद्ध झाली असं आम्ही मानत नाही. आरोंद्यात आणि शेजारच्या गावांत ज्यांना ही हरकत द्यायची असेल, त्यांनी मसुदा माझ्याकडून न्यावा.